मुलाणीमामांची एका दिवसाची कॉलनी

आमच्या कॉलनीच्या अगदी मधोमध, लिंबाच्या झाडाभोवती, दहा गुंठे जागा रिकामी पडली आहे. शिरूर तालुक्यात रिकाम्या जागेला काय भाव आहे हे मला कुणी सांगायला नको, कारण आमच्या भागातले निम्मे भाव मीच चढवले आहेत. असं असून त्या दहा गुंठ्यांवर आहे काय? बारा-पंधरा खुर्च्या, एक करकरणारा झोपाळा, वाळत घातलेल्या कुरडया आणि क्रिकेटचे तीन स्टंप. रोज सकाळी खिडकी उघडली की हे दिसतं आणि रोज सकाळी मला मुलाणीमामांचा राग येतो. माझा पहिला चहा त्या रागाबरोबरच होतो.

मुलाणीमामा म्हणजे शिरूरचे निवृत्त मोजणीदार. तालुक्यात जमिनीची मोजणी निघाली की आधी साखळी आणि पुढे टेप घेऊन बांधावर उभे राहायचे ते हेच. उंच, काटकुळे, डोक्याला पांढरी टोपी, बाराही महिने हातात छत्री आणि सायकलच्या कॅरिअरला बांधलेली लाकडी घडीची खुर्ची. खुर्ची ही नोकरीतली सवय. बांधावर दोन भाऊ भांडायला लागले की मामा बरोबर दोघांच्या मधे खुर्ची उघडून बसायचे आणि म्हणायचे, "चालू द्या. तुमचं झालं की मोजू." मधे खुर्ची आल्यामुळे भावांना एकमेकांची गचांडी धरता यायची नाही, आणि वाकून वाकून भांडायचं तर कंबर दुखायची. अर्ध्या तासात मोजणी सुरू व्हायची.

त्यांचं पाऊल अडीच फुटांचं होतं. घरातून मशिदीत जातानाही अडीच फुटांचंच. मोजल्याशिवाय त्यांना चालताच यायचं नाही. वाटेत कुणी सलाम-नमस्कार केला तर ते नुसता हात वर करायचे, ठरलेल्या ठिकाणापर्यंत जायचे, आकडा वहीत टिपायचे, आणि मग परत येऊन त्या माणसाला सलाम करायचे. तोवर तो माणूस थांबलेला असायचा. शिरूरच्या लोकांना ही सवय झाली होती. मला एकदा म्हणाले, "तुमच्या दारापासनं मारुती एकशेशहात्तर पावलं, आन् तुमची गुत्त्याकडची वाट तीनशेबावन्न. देव निम्म्यात पडतोय तुम्हाला. जात जा." मी गुत्त्यात कधी जात नाही. ते फक्त अंतर सांगत होते, पण सांगितलं माझ्या बायकोसमोर.

कुणाच्या पोरीचं स्थळ बघायला त्यांना नेलं तर ते मुलाकडे बघायचेही नाहीत. दार कुठं उघडतं, मोरी कुठं आहे, चूल कुठं आहे एवढं बघून बाहेर यायचे. माझ्या थोरलीच्या वेळी एका घरातून पाचव्या मिनिटाला बाहेर आले. म्हणाले, "मुलगा चांगला आसंल. पण दोन सुनांना एकाच दारातनं पाण्याला जायचंय. बघा बुवा." ते स्थळ मी सोडलं. पुढे त्या घरात दोन सुनांचं काय झालं ते इथं सांगत नाही, पण दारं आता दोन आहेत.

आता माझ्याबद्दल थोडं, म्हणजे माझा राग समजेल. मी तळेगाव ढमढेऱ्याच्या आठवडी बाजारात वांगी-टोमॅटोच्या पाट्या उचलत मोठा झालो. बापानं मला काही दिलं नाही, आणि कुणी देईल अशी मी वाटही बघितली नाही. समोरच्यानं आकडा सांगितला की माझ्या तोंडून आपोआप निम्मा आकडा निघतो. डॉक्टरांनी चार दिवसांच्या गोळ्या दिल्या की मी दोन दिवसांवर तोडगा काढतो. या तोंडावर मी पुढे आलो. नव्वदच्या पुढच्या वर्षांत आमच्या भागात कारखाने आले, कुठून कुठून कामगार आले, आणि सगळ्यांना घराला जागा पाहिजे झाली. तेव्हा मी निमोण्याच्या रस्त्याला साडेतीन एकर रान घेतलं, आणि प्लॉट पाडायचे ठरवले.

नकाशा मी स्वतःच काढला होता. चाळीस प्लॉट, बारा फुटी रस्ते. नियमाप्रमाणे मोकळी जागा ठेवावी लागते, तीही ठेवली होती, पार मागे ओढ्याच्या काठाला. ती जागा मोकळी ठेवायला माझी काही हरकत नव्हती. पावसाळ्यात ती पाण्यात असायची. अकरा, बारा, तेरा आणि चौदा नंबरचे प्लॉट मात्र मधोमध, लिंबाच्या सावलीचे. ते मी कुणाला दाखवतसुद्धा नव्हतो. चांगलं गिऱ्हाईक आल्याशिवाय चांगली पाटी वर काढायची नाही, हे मी बाजारात शिकलो होतो.

अडचण एकच होती. लोकांचा माझ्या मोजणीवर विश्वास नव्हता. तो का नव्हता हा वेगळा विषय आहे. पण मुलाणीमामांनी मोजलं म्हटलं की लोक डोळे झाकून इसार द्यायचे. म्हणून मी त्यांच्याकडे गेलो.

"मामा, काय घ्याल?"

"पैसे नकोत. एक दिवस द्या."

"अर्धा," मी म्हणालो. तोंडाची सवय.

"पुरा दिवस. त्या दिवशी मी म्हणंन तसं तुम्ही वागायचं. आन् त्या दिवशी जे दिसंल ते नकाशात घ्यायचं."

मी विचारलं, कशासाठी. मामा छत्रीच्या टोकानं जमिनीवर रेघ मारत म्हणाले, "मी सगळी नोकरी भांडणं झाल्यावर मोजत आलो, बबनशेठ. एकदा भांडण व्हायच्या आधी मोजायचंय."

मला ते म्हाताऱ्या माणसाचं खूळ वाटलं. मी हात दिला. फुकटात मोजणी मिळाली म्हणून येताना जिलेबी घेतली. बायकोनं, सुमननं, विचारलं, किती ठरलं? म्हटलं, फुकट. ती म्हणाली, "मग त्यांना काय मिळालं?"

हा प्रश्न मी विचारायला पाहिजे होता. माझा धंदाच तो आहे.

कबड्डीच्या मैदानावर मारतात ती पांढरी फक्की मामांनी टेम्पोभर मागवली. आणि माझा नकाशा कागदावरून उचलून जसाच्या तसा, खऱ्या मापाचा, रानात मारला. रस्ते, चौक, प्लॉट. एवढ्यावर थांबले नाहीत. इसार दिलेली पंधरा-सोळा कुटुंबं होती, त्यांच्या घरी जाऊन कुणाला स्वयंपाकघर कुठं पाहिजे, न्हाणी कुठं, दार कुठं, हे विचारून आले, आणि प्रत्येक प्लॉटवर अख्खं घर फक्कीनं काढलं. दार असेल तिथं रेघ तुटलेली. मग सगळ्यांना निरोप गेला. सुट्टीच्या दिवशी सकाळी स्टो, भांडी, सतरंज्या घेऊन यायचं आणि संध्याकाळपर्यंत आपापल्या घरात राहायचं. कायदा एकच. भिंतीतनं जायचं न्हाई, दारातनं जायचं.

पहिला अर्धा तास सगळे हसत होते. भांडगावचा जगताप फिटर काळे गुरुजींच्या दारात उभा राहून हवेत टकटक करत होता, आणि गुरुजी समोर उभे असून "कोण आहे?" म्हणून विचारत होते. निमोण्याच्या शाळेत शिकवणारा माणूस, पण दार नसताना कडी काढल्यासारखा हात करायचा. एक बाई सासूवर रुसून आतल्या खोलीत जाऊन बसली. सगळ्यांना दिसत होती, पण कुणी तिच्याकडे बघत नव्हतं, कारण मधे भिंत होती.

मग भांडण लागलं. जगतापाची बायको शोभावहिनी तिच्या स्वयंपाकघरात स्टोवर भाकरी करत होती. तिच्या खिडकीसमोर, चार फुटांवर, गुरुजींचा संडास आला होता. गुरुजी तिथे स्टुलावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. अंगावर सगळे कपडे, चष्मा, डोक्याला टोपी, नुसतेच बसलेले.

"गुरुजी, उठा तिथनं. मी भाकरी थापतीय."

"वहिनी, मी माझ्या घरात आहे."

"घरात कुठंबी बसा. माझ्या तव्याकडं बघत बसू नका."

"मी अग्रलेख वाचतोय."

"त्ये तिथंच वाचायचं आसतं व्हय?"

जगताप धावत आला, पण भिंतीतून जाता येत नाही म्हणून सगळा वळसा घालून रस्त्यानं आला, तोवर त्याचा राग थोडा उतरला होता. गुरुजींची बायको तोच वळसा उलट्या बाजूनं घालून आली. मामांनी खुर्ची उघडली, दोन्ही रेघांच्या मधे ठेवली, पेन्सिल काढली आणि म्हणाले, "चालू द्या." खिडकी नव्हती, संडास नव्हता, घर नव्हतं, प्लॉटचे पैसेही पुरे दिलेले नव्हते, आणि दोन कुटुंबं दुपारपर्यंत एकमेकांशी बोलली नाहीत. मामांनी पायानं गुरुजींचा संडास पुसला आणि पलीकडच्या कोपऱ्यात काढला. गुरुजी स्टूल उचलून तिकडे गेले.

मग मामांनी पाण्याचा टँकर बोलावला. आमच्याकडे टँकरशिवाय कॉलनी म्हणजे नुसतं रान. मामा चौकात उभे राहिले आणि ड्रायव्हरला म्हणाले, आत जा, पाणी दे, बाहेर ये, रेघ मोडायची न्हाई. टँकर आत गेला. वळायला लागला. मागे, पुढे, मागे, पुढे. दर वेळी वळायला पुढे घेतला की मामा एक बोट वर करायचे. सात बोटं झाली तेव्हा टँकर एका बाईच्या देवघरात होता.

"सात," मामा मला म्हणाले. "एका बोटात वळलं पायजे."

मी म्हटलं टँकर रोज थोडाच येतो. मामा म्हणाले, "बरं. जे एकदाच येतं त्ये बघू." आणि त्यांनी शिडी मागवली.

तिरडी चौकातून वळते का हे त्यांना बघायचं होतं. तिरडी असो नाहीतर जनाजा, लांबी तेवढीच, खांदे चारच, असं त्यांचं म्हणणं. शिडीवर झोपायला कुणी तयार होईना. बायकांनी तर ओरडाच केला, नव्या घराच्या जागी हे काय अशुभ. तेव्हा मामांनी माझ्याकडे बघितलं.

"ठरलंय आपलं, बबनशेठ."

माझ्या तोंडून "अर्धं अंतर" एवढंच निघालं. सुमन पाय आपटत रिकाम्या टेम्पोत जाऊन बसली. मी शिडीवर आडवा झालो. जगताप, गुरुजी आणि आणखी दोघांनी उचललं. वजनावरून जे बोलणं झालं ते मी ऐकलं, आणि अजून कोण काय बोललं ते लक्षात आहे. चौकापर्यंत बरं चाललं होतं. तिथं मागे-पुढे करत तिसऱ्या खेपेला वळताना पुढचे दोघे जगतापाच्या ओट्यावर आले, तशी शोभावहिनी आतून ओरडली, "ओट्यावर पाय देऊ नका, आत्ताच सारवलाय." पुढचे थांबले, मागचे थांबले नाहीत, आणि मी शिडीवरून घसरून थेट फक्कीत पडलो. मी उठून चौघांच्या घराण्यांबद्दल जे बोलायचं ते बोलायला लागलो, तर गुरुजी शांतपणे म्हणाले, "बबनशेठ, मयतानं बोलू नये." जमलेले सगळे लोक हसत होते. मी नखशिखांत पांढरा. मामा तेवढे हसत नव्हते. तीन बोटं वर करून वहीत काहीतरी लिहीत होते.

बारा फुटी रस्ते वीस फुटी झाले ते त्या शिडीमुळे. माझे तीन प्लॉट रस्त्यात गेले. पण ते दुःख लहान.

मोठी चूक दुपारी झाली, आणि ती माझीच होती. जेवण माझ्याकडून होतं. पिठलं, भाकरी, ठेचा आणि बुंदी. त्या दिवशी पुण्याहून एक लॉजवाला जागा बघायला येणार होता, आणि लिंबाखालचे प्लॉट त्याला नीट, माणसांनी भरलेले, सावलीतले दिसावेत असा माझा डाव होता. म्हणून जेवणाचा टेम्पो मी स्वतः बारा नंबरच्या प्लॉटवर उतरवला. लोक आले, जेवले. जेवण झाल्यावर आपापल्या फक्कीच्या घरात परत जातील अशी माझी अपेक्षा. कुणी गेलं नाही. सकाळी भांडलेली गुरुजींची बायको आणि शोभावहिनी एकाच सतरंजीवर शेंगा सोलत बसल्या. पोरं झाडावर. म्हातारी माणसं खोडाला टेकून. जगताप घोरत होता. मामा उठले, फक्कीची पाटी घेतली, आणि बसलेल्या सगळ्या माणसांच्या बाहेरून, कुणालाही न उठवता, एक मोठी वेढा घालणारी रेघ मारत गेले. अकरा, बारा, तेरा, चौदा.

"ही तुमची मोकळी जागा," ते म्हणाले.

मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मोकळी जागा ओढ्याला आहे, मंजुरीला तीच दाखवणार आहे, हे माझे सगळ्यात चांगले प्लॉट आहेत, हे सगळं मी ओरडून सांगितलं. मामांनी खुर्ची उघडली. बसले. माझं होऊ दिलं. मग विचारलं, "ओढ्याकडं कोण गेलतं आज?"

कुणीच गेलं नव्हतं.

"आन् इथं जेवान कुणी उतरवलं?"

लॉजवाला आला तेव्हा मी एकटाच पांढऱ्या अंगानं रस्त्यात उभा होतो, त्यानं मला गवंडी समजून बबनशेठ कुठं आहेत म्हणून विचारलं. मी सांगितलं, गावाला गेलेत.

शब्द दिला होता म्हणून नकाशा बदलला. बाजारात माझ्याबद्दल काहीही बोललं जात असलं, तरी हात देऊन फिरवला असं कुणी म्हणणार नाही. कॉलनी उभी राहिली. माझंही घर तिथंच बांधलं, आणि माझ्या खिडकीसमोर ती जागा. मामा रोज संध्याकाळी गावातून सायकलवर यायचे, लिंबाखाली खुर्ची उघडायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना बोटं दाखवायचे. आमच्या टँकरवाल्याला कधी दोन बोटं मिळाली तर तो दिवसभर घुम्यासारखा असायचा.

त्यांचं म्हणणं खरं होतं असं मी कधी म्हणणार नाही, पण शेजारच्या कॉलनीतली वरात मी पाहिली आहे. ती कॉलनी माझ्याच एका जुन्या भागीदारानं पाडली होती, दहा फुटी रस्ते, इंच इंच विकलेला. नवरदेवाची जीप सजवून आत गेली आणि बोळाच्या टोकाला अडकली. कितीदा पुढे-मागे केलं तरी वळायला जागा नाही. शेवटी जीप उलटी बाहेर काढायची ठरली. पण पुढे बँड होता, म्हणजे आता मागे बँड झाला, आणि बँडवाल्यांनी पूर्ण मोबदला पाहिजे म्हणून वाजवणं थांबवलं नाही. अख्खी वरात वाजत-गाजत उलटी चालत मुलीच्या मांडवापासून लांब निघाली. मुलीकडच्यांना वाटलं नवरदेव परत चालला. मुलीचा मामा धावत येऊन बॉनेटवर आडवा पडला. आमच्या बाजूच्या रस्त्यावरून मुलाणीमामा हे बघत होते. दहा बोटं संपल्यावर त्यांनी माझा हात उचलला आणि त्याची चार बोटं उघडली. मला त्या चार बोटांची अजून चीड आहे, कारण ती माझी होती.

दहा-बारा वर्षं गेली. भाव असे चढले की रस्त्याकडेच्या टपरीवाल्यांना लोक शेठ म्हणायला लागले. त्या दहा गुंठ्यांवर पाच दुकानं काढली तर, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. मी एकेकाला भेटलो. कुणाला कंपाउंड बांधून देतो म्हटलं, कुणाला बोअर. सगळ्यांचं उत्तर एकच. मुलाणीमामा व्हय म्हणाले तर आमची हरकत न्हाई. मामांची बायको तोवर वारली होती आणि ते दौंडला, रेल्वेत असलेल्या जावयाकडे राहायला गेले होते.

मी गाडी काढून दौंडला गेलो. क्वार्टरच्या अंगणात ते खुर्चीवर बसले होते. खूप वाळले होते. मी मुद्दा मांडला, मांडताना आवाज चढला, नेहमीसारखा. मला वाटलं होतं मोठं भांडण होईल, मी तयारीनं गेलो होतो. मामा म्हणाले, "देतो लिहून."

मला संशय आला. "काय घ्याल?"

"एक दिवस."

"अर्धा."

"पुरा," मामा म्हणाले. "फक्की मारा. पाच दुकानं काढा. संध्याकाळपातूर तशीच राहिली तर लिहून देतो. मी येतो बघायला."

या वेळी मी अक्कल वापरली. जेवण ठेवलं नाही. शिडी होती ती कुलूप लावून ठेवली. फक्की स्वतःच्या हातानं मारली. पाच दुकानं, पाच शटर, आणि सगळ्या शटरांच्या रेघा बंद. सकाळी दहाला मी तीन नंबरच्या दुकानात खुर्ची टाकून बसलो. मामा जीपनं आले, लिंबापासून लांब, रस्त्याच्या पलीकडे आपली खुर्ची उघडली आणि बसले.

मी लोकांना ओळखायला चुकलो होतो. मला वाटलं रेघा आहेत, लोक विसरून आत येतील, मी ओरडेन, मामा बघतील. पण त्यांच्यातल्या निम्म्यांनी तो पहिला दिवस पाहिला होता, आणि उरलेल्यांनी ऐकला होता. रेघ म्हणजे भिंत, हे आमच्या कॉलनीत मुलांनाही ठाऊक. एकानंही आत पाय टाकला नाही. म्हाताऱ्यांनी खुर्च्या उचलल्या आणि रस्त्यावर मांडल्या. क्रिकेट रस्त्यावर आलं. त्यात कुत्री आली. झोपाळा दोन नंबरच्या दुकानात अडकला म्हणून पोरं माझ्या फाटकाला लोंबकळायला लागली. सुमन कुरडयांचं ताट घेऊन आली, रेघेपाशी थांबली, माझ्याकडे न बघता मागे वळली, आणि कुरडया माझ्या गाडीच्या बॉनेटवर, टपावर आणि काचेवर ओळीनं घातल्या. टँकर आला. खुर्च्या, स्टंप, कुत्री यांतून त्याला वळता येईना. मी तिकडे बघायचं टाळलं, पण मामांचा हात वर जात होता ते मला दिसत होतं.

तीन वाजले. दहा गुंठ्यांत मी एकटा. माझ्या डोक्यावर लिंबाची एवढी मोठी सावली आणि सगळ्या घरांची माणसं रस्त्यावर उन्हात. कुणी तक्रार केली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. काळे गुरुजी निवृत्त झाले होते, गुडघे गेले होते, ते बरोबर माझ्या दुकानासमोर टॉवेल डोक्यावर घेऊन रस्त्याच्या कडेला बसले होते. वर्तमानपत्र वाचत.

शेवटी मला राहवेना. "गुरुजी, आत या की. उन्हात काय बसलाय."

गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं. "कुठून येऊ? शटर बंद आहे."

"या हो, रेघ आहे नुसती."

"तुमचं दुकान आहे, बबनशेठ. उघडलंत तर येतो."

रस्त्यावरचे सगळे माझ्याकडे बघत होते. मामा तेवढे बघत नव्हते. ते टोपी काढून डोकं पुसत होते. मी उठलो आणि चपलेनं तीन नंबरच्या शटरची रेघ पुसली. फक्त तीन नंबरची, आणि फक्त गुरुजींसाठी. हे मी आजही कुणालाही सांगायला तयार आहे. गुरुजी काठी टेकत आत आले. त्यांच्या मागून त्यांची बायको, तिच्या मागून सतरंजी घेऊन शोभावहिनी, मग चेंडू, चेंडूमागून पोरं, पोरांमागून कुत्री. पाच मिनिटांत पाचही दुकानं कुणाच्या तरी पायांनी पुसली गेली होती आणि सुमन बॉनेटवरच्या कुरडया गोळा करून आणत होती. मी ओरडलो, बराच ओरडलो, पण तेवढ्या गलक्यात माझा आवाज कुणाला वेगळा ऐकूच आला नाही.

मामा माझ्याजवळ आले. मला वाटलं आता काहीतरी बोलणार, आणि मग मी पण बोलणार. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. दौंडलाच लिहून आणला होता. 'पाच दुकानांस माझी हरकत नाही,' खाली सही. "संध्याकाळपातूर थांबायचं ठरलं होतं," ते म्हणाले. "अजून येळ हाय. ठेवा तुमच्यापाशी." कागद माझ्या हातात देऊन, खुर्ची बगलेत मारून ते चालायला लागले. अडीच अडीच फुटांनी, पण मधे मधे थांबत.

तो कागद माझ्या कपाटात आहे. मी तो कुणाला दाखवलेला नाही, पण फाडलेलाही नाही. भाव अजून चढतोच आहे.

त्यांना परत न्यायला दुसरी जीप आली होती. ड्रायव्हर नवा, दौंडचा, आमची कॉलनी कधी न पाहिलेला. रस्त्यावरच्या खुर्च्या आता परत लिंबाखाली गेल्या होत्या, रस्ता मोकळा झाला होता. मामा मागच्या बाजूला बसले, घडीची खुर्ची मांडीवर. जीप चौकापर्यंत गेली, वळली, आणि मागे न येता, एका दमात, आली त्या रस्त्याला लागली. मी दारात उभा होतो. जीपच्या मागच्या उघड्या बाजूनं मामांचा हात बाहेर आला आणि त्यांनी मला एक बोट दाखवलं. जीप निमोणे रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत ते तसंच वर होतं.